मोटारीची हर्राशी

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसं लिलावाला अजून हर्राशी म्हणतात. हा शब्द मूळ अरबीतला, निजामी कचेऱ्यांच्या कागदांतून तो आमच्या बोलीत मुरला. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. व्यवहार एकच, पण दोन्ही शब्दांचा वास मात्र वेगळा. लिलाव म्हटलं की मोंढ्यातली कपाशी किंवा बाजार समितीतला कांदा डोळ्यांसमोर येतो. हर्राशी म्हटलं की बेअब्रू आठवते. सारा थकला, सावकाराचं देणं फिटलं नाही, तहसीलचा माणूस दारात उभा राहिला, दवंडी पिटली गेली आणि घरातले हंडे, पितळी समया, बैलजोडी चावडीसमोर मांडली गेली. 'तुझ्या घराची हर्राशी होईल' ही आमच्याकडे भांडणातली शेवटची शिवी होती.

त्यामुळे ५ मे २०२२ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात एका मोटारीचा लिलाव झाला, त्याची बातमी वाचताना मला पहिल्यांदा हा शब्दच आठवला. तिथं कुणाची बेअब्रू होत नव्हती. मर्सिडीज कंपनीच्या स्वतःच्या संग्रहालयात, निवडक पाहुण्यांना बोलावून, आरएम सदबीज या लिलावगृहानं १९५५ सालची एक चंदेरी मोटार बोलीवर चढवली. हातोडा पडला तेव्हा किंमत झाली होती १३ कोटी ५० लाख युरो. आपल्या पैशांत त्या दिवशीच्या भावानं सुमारे अकराशे कोटी रुपये. मोटारीला यापूर्वी कधी एवढी किंमत आली नव्हती.

ही मोटार म्हणजे '३०० एसएलआर उलेनहाउट कूपे'. तशा फक्त दोन बनल्या. रुडॉल्फ उलेनहाउट हा कंपनीचा इंजिनिअर, त्याचं नाव तिला मिळालं. ती शर्यतीसाठी बनली, पण एकाही शर्यतीत धावली नाही. का धावली नाही, हे सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत याच घराण्यातली एक मर्सिडीज दुसऱ्या मोटारीला धडकून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्या वर्षाअखेरीस कंपनीनं शर्यतींतून अंग काढून घेतलं. तयार झालेल्या दोन बंद टपाच्या गाड्या तशाच राहिल्या. उलेनहाउटसाहेब त्यातली एक घेऊन कामावर ये-जा करायचे म्हणतात. त्यातली दुसरी अजून कंपनीनं विकलेली नाही. विकलेल्या गाडीचे पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीच्या निधीला दिले जातील, असं कंपनीनं जाहीर केलं. ते चांगलंच झालं. पण अकराशे कोटींच्या त्या चंदेरी पत्र्यामागं ऐंशी माणसांची सावली आहे, ही गोष्ट लिलावाच्या रंगीत पुस्तिकांत फार ठळक छापत नाहीत.

जुन्या मोटारीला अशी किंमत येते कशामुळं? इंजिनाची ताकद हे कारण नव्हे. त्याहून वेगवान गाडी आज कुठल्याही शोरूममध्ये मिळते. पहिला प्रश्न, अशा किती आहेत? फेरारी २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ बनली. तिच्यातली एक २०१८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. दुसरा प्रश्न, अंगावरचं सगळं मूळचं आहे का? चासीचा नंबर, इंजिनचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर कारखान्याच्या जुन्या वहीशी जुळला पाहिजे. नवा चकचकीत रंग मारलेल्या गाडीपेक्षा मूळ रंग टवके उडून का होईना टिकलेली गाडी हल्ली जाणकार जास्त मोलाची मानतात. आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा, ती कुणाकुणाच्या हातांतून गेली? याला आमच्याकडे उर्दूत 'शजरा' म्हणतात, म्हणजे वंशावळ. घोड्याचा शजरा असतो, पीरजाद्यांचा असतो, तसा या मोटारींचाही असतो. राखीव किंमत, बोली, हातोडा, लिलावगृहाची दलाली हे सगळे सोपस्कार नंतरचे. विकला जातो तो खरं तर शजरा. आणि या बाजारात ज्या शजऱ्यांना फार मान आहे त्यांत हिंदुस्थानी राजेरजवाड्यांचा नंबर वरचा आहे.

इथून गोष्ट आपल्या अंगणात येते. आजचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचं औरंगाबाद, सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. आमचा राजा निजाम. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसकडे एक मोटार मागवली होती. सिल्व्हर घोस्ट जातीची, पिवळ्या रंगाची, लंडनच्या बार्कर कंपनीनं बांधलेल्या सांगाड्याची. मागच्या भागात उंच आसन, अक्षरशः सिंहासन, म्हणून तिला आजही 'थ्रोन कार' म्हणतात. पण ऑगस्ट १९११ मध्ये महबूब अली वारले आणि गाडी पुढच्या वर्षी, त्यांच्या मुलाच्या अमदानीत पोचली. बापानं मागवलेल्या सिंहासनावर मुलगा बसला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ती समारंभापुरतीच वापरली. सगळ्या आयुष्यात ही मोटार काही शे मैलच चालली. आमच्या एसटीची बस तेवढं अंतर दोन दिवसांत कापते.

हे उस्मान अली मोठे अजब गृहस्थ. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. तबेल्यात एकाहून एक मोटारी. आणि स्वतः मात्र जुनाट गाडीतून, विटक्या शेरवानीत फिरत, अशा कहाण्या हैदराबादेत घरोघर सांगतात. कंजूषपणाच्या कहाण्या लोकांना फार आवडतात. श्रीमंतापेक्षा आपण मनानं मोठे, असं वाटायला त्यांचा उपयोग होतो.

मला मात्र या मोटारींकडे पाहताना दुसराच हिशोब सुचतो. संस्थानात दोन खाती होती. एक दिवाणी, म्हणजे सरकारी मुलूख, आणि दुसरं सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी जहागीर. तिचं उत्पन्न थेट निजामाच्या थैलीत जाई. मराठवाड्यातलीही गावं या खासगी मुलुखात होती. तिथला ज्वारी-कपाशीचा शेतकरी जो सारा भरत होता, त्यातून कुठल्या मोटारीचं टायर आलं, कुठल्या मोटारीचा दिवा आला, हे कुठल्या वहीत नोंदलेलं असणार? १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झालं आणि निजामाला वर्षाला पन्नास लाखांचा तनखा ठरला. लिलावाच्या पुस्तिकेत मोटारीचा शजरा महाराजांपासून सुरू होतो. त्याच्या आधीचं पान, म्हणजे सारा भरणाऱ्याचं, कुणी जोडत नाही.

याच संस्थानात जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. देशातल्या सरकारी बससेवांमधली ही अगदी आरंभीची. पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली बस सुटली १ जून १९४८ रोजी, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. त्या जमान्यातली एक ऍल्बियन बस हैदराबादेत आजही जपून ठेवली आहे. तिला कुणी युरोपात बोलीवर चढवणार नाही. तिच्यात सिंहासन नाही, लाकडी बाकं आहेत. पण माझ्यापुरतं विचाराल तर पिवळी रोल्स आणि ही बस यांतली एक निवडायची वेळ आली तर मी बस निवडीन. बाजारहाटाला, कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या बाळंतपणाला जाणारे लोक तिच्यात बसले होते.

आता त्या राजेशाही मोटारींचं पुढं काय झालं ते पाहू. स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानात आठशेच्या वर रोल्स-रॉइस आल्या असाव्यात, असं जाणकार मानतात. संस्थानं विलीन झाली, १९७१ मध्ये घटनादुरुस्तीनं तनखेही बंद झाले. पेट्रोल पिणाऱ्या, सुटे भाग न मिळणाऱ्या, ड्रायव्हर आणि क्लिनर पोसायला लावणाऱ्या या गाड्या राजवाड्यांना जड झाल्या. विलायत-अमेरिकेतले दलाल आधीपासूनच फेऱ्या मारू लागले होते. राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांची १९३४ची 'स्टार ऑफ इंडिया' नावाची रोल्स-रॉइस १९६८ मध्ये परदेशी गेली. चाळीसेक वर्षांनी त्याच घराण्यानं ती पुन्हा विकत घेऊन राजकोटला आणली. आपलीच वस्तू दुसऱ्याच्या भावानं परत घ्यायची, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. इंदूरचे यशवंतराव होळकर यांना मोटारींचा मोठा षोक. त्यांनी अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीची चासी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर सांगाडा चढवून घेतला होता. दोन माणसांसाठी एवढी लांबलचक गाडी क्वचितच कुणी बांधली असेल. तीही पुढं अमेरिकेत गेली. ड्युसेनबर्गच्या अभ्यासकांच्या तोंडी आज 'महाराजा होळकर' हे नाव आपल्याकडल्या इतिहासाच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त वेळा येत असेल.

उशिरा का होईना, सरकारला जाग आली आणि निर्यातीवर बंधनं आली. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेली मोटार आज परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पण तोपर्यंत बऱ्याच गाड्या गेल्या होत्या, आणि राहिलेल्यांपैकी कितीतरी शेडमध्ये उंदरांनी कुरतडल्या.

निजामाच्या मोटारींवरही तीच वेळ आली होती. उस्मान अली २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले. वारस झालेला नातू मुकर्रम जाह पुढं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर राहायला गेला. या नातवाला स्वतःला इंजिनं उघडून हात काळे करायचा नाद होता, आणि त्याच्याच आजोबांच्या गाड्या हैदराबादेत गंजत होत्या, हा दैवाचा खेळ. पुढं त्याच्या पहिल्या पत्नी एसरा यांनी लक्ष घालून चौमहल्ला राजवाडा दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला. आज पिवळी रोल्स तिथं पाहायला मिळते. आमच्याकडून हैदराबादला लग्नाच्या खरेदीला जाणारे लोक चारमिनारवरून चौमहल्ल्यात डोकावतात, पोरं त्या गाडीसमोर फोटो काढतात. ती हर्राशीत निघाली नाही, ही समाधानाची गोष्ट.

इथं एका लोकप्रिय कथेचा समाचार घेतला पाहिजे. एक महाराज लंडनमध्ये साध्या कपड्यांत रोल्स-रॉइसच्या दुकानात गेले, तिथल्या नोकरानं त्यांना हाकललं, महाराजांनी रागानं गाड्या विकत घेतल्या आणि आपल्या शहरातला कचरा उचलायला लावल्या. ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. कुणी सांगतं ते अलवारचे महाराज, कुणी भरतपूरचे, कुणी पतियाळाचे, आणि आमच्याकडे तर ठासून सांगतात की ते निजामच. ज्या कथेला चार बाप आहेत तिला एकही खरा नसण्याचा संभव जास्त. पक्का कागद कुणी दाखवत नाही. तरी कथा मरत नाही, कारण ती गुलामीतल्या माणसाची इच्छा आहे. साहेबाच्या सर्वांत महाग वस्तूला झाडू बांधायचा! कवी म्हणून मला ही कथा फार आवडते. इतिहास म्हणून मात्र ती खोटी नाण्यासारखी बाजूला काढून ठेवावी लागते. लिलावाच्या बाजारात अशा कथांनीही भाव चढतो, म्हणून तर जास्तच सांभाळून.

माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, आमच्या मोहल्ल्यात एका जुन्या वाड्याच्या अंगणात कडुनिंबाखाली एक ऑस्टिन मोटार उभी असायची. घरमालकांचे वडील निजामी काळात वकील होते, त्यांची ती. टायरं केव्हाच बसलेली, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, आणि स्टिअरिंगवर आम्हा पोरांची पाळी लागलेली. कुणी दिल्लीला जायचं, कुणी मक्केला. एका कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घातली होती. मग एका उन्हाळ्यात वाटण्या झाल्या आणि हातगाडी घेऊन भंगारवाला आला. घणानं आणि छिन्नीनं त्यानं गाडी फोडली. पितळ वेगळं, शिसं वेगळं, पत्रा वेगळा. काट्यावर तोलून पैसे मोजले. घरातल्या एका म्हाताऱ्या खाला दरवाजाआड उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या. त्या मोटारीतून त्या नवरी होऊन आल्या होत्या. त्या गाडीला कुणी अकराशे कोटी दिले नसते, अकरा हजारही नाही. पण तिचाही शजरा होताच.

आमच्या भागात हा प्रकार नवा नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. घरोघरच्या जुन्या पैठण्या फाटल्या, कुटुंबाला ओढगस्त आली, की त्या जाळून जरीतलं सोनं-चांदी गाळून विकायची रीत होती. वीणकराचे महिनोन् महिने, मोर, कमळं, पोपट सगळं मुशीत. उरायचा तो तोळ्यांचा हिशोब. आता त्याच जुन्या पैठण्या संग्राहक शोधत फिरतात, आणि त्यांची किंमत जरीच्या वजनावर ठरत नाही. मोटारीचंही तेच झालं. आधी वजनावर विकली, मग आठवणीवर. दोन्हींच्या मधली जी चाळीस-पन्नास वर्षं असतात, जेव्हा वस्तू जुनी झालेली असते पण पुरेशी जुनी झालेली नसते, तीच तिला जीवघेणी.

कोल्हापूरकरांनी ही मधली वर्षं पार केली. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मायबाख ही जर्मन मोटार त्यांनी विकली नाही. आजही दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातून दसरा चौकात सीमोल्लंघनाला येतात, आणि सोनं लुटायला जमलेला माणूस टाचा उंचावून पाहतो, तो आधी गाडी पाहतो. जगातल्या लिलावगृहांत अशा मायबाखला काय भाव येईल याची चर्चा कोल्हापुरात होत नसेल असं नाही. पण दसऱ्याला लागणारी वस्तू हर्राशीत कशी काढणार? वापरात असलेल्या वस्तूला किंमत नसते, काम असतं.

आमचं शहरही मोटारींच्या बाबतीत मागं नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या दीडशे जणांनी एकजुटीनं एकदम दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं सात टक्क्यांनी कर्ज. जर्मनीपर्यंत बातमी गेली. नाकं मुरडणारे तेव्हा खूप होते, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि यांना मर्सिडीज हवी म्हणून. त्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मला त्यात एक गंमतही दिसली. इथं अशी गाडी एकेकाळी फक्त राजाकडे असायची, आता डॉक्टर, बिल्डर, कारखानदार हप्त्यांवर आणत होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. अनेक वर्षं या गाड्या कायद्याच्या लेखी फक्त जुनाट होत्या, त्यांना आता स्वतंत्र ओळख मिळाली, हे बरं झालं. मुंबईत अशा मोटारींचे ऑनलाइन लिलावही होऊ लागले आहेत.

परवा माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे हे सगळं बोलत बसलो होतो. वय सत्तरीच्या पुढं. फियाट-अँबेसिडरचे कान नुसत्या आवाजावरून पिळणारे. जुन्या गाडीचा जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर घडवून देतात. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला या कामात रस नाही. अकराशे कोटींचा आकडा मी सांगितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चालू हालत में है क्या?" मी म्हटलं, आहे. मग ते म्हणाले, "किसने रखी चालू?" त्याचं उत्तर बातमीत नव्हतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्यांनी दोन स्कूटर झाकून ठेवल्या आहेत, दोन्ही १९८५च्या. भंगारवाला दर सहा महिन्यांनी येऊन भाव विचारून जातो. मिस्त्री बोटांवर मोजून त्याला सांगतात, २०३५ ला ये.